पितळेच्या भावात सोने

मागच्या नाताळात आमच्या घरी एक वाद झाला. वाद मोटारीचा होता; परंतु पाहता पाहता तो न्यायाचा झाला, आणि शेवटी आमच्या स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीपाशी येऊन थांबला. तो वाद मिटला असे आम्हांस अजूनही म्हणवत नाही, म्हणूनच तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमचा भाचा पुण्यास एका कारखान्यात नोकरी करतो. मूळचा तो यवतमाळचाच. लहानपणापासून त्यास मोटारींचे वेड. मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर सारे फराळाला बसले असता त्याने आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. कर्ज थकल्यामुळे एका बँकेने ओढून आणलेल्या वाहनांची ती यादी होती. यादीत मोटारसायकली होत्या, मालवाहू टेम्पो होते, घाटंजी तालुक्यातील एक ट्रॅक्टर होता, आणि तेवीस क्रमांकावर एक पांढरी मोटार होती : फियाट पुंटो, पेट्रोल, सन २०१६, नोंदणी एमएच-२९, म्हणजे आमच्याच जिल्ह्याची. लिलाव ऑनलाईन, बोलीची सुरुवात १ लाख १० हजारांपासून.

"मामा, चाकाच्या मधोमध काय आहे ते बघा," भाचा म्हणाला. आम्ही चष्मा लावून पाहिले. एक विंचू होता.

त्या विंचवाचा इतिहास त्याने आम्हांस ऐकवला तो असा. कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थाने १९४९ साली इटलीत शर्यतीच्या मोटारी घडविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याची रास वृश्चिक, म्हणून त्याने विंचू हे आपले चिन्ह केले. पुढे हा व्यवसाय फियाटने घेतला, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात फियाटने आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून 'अबार्थ पुंटो' बाजारात आणली. दिसायला घरगुती पुंटोच, परंतु साध्या पेट्रोल पुंटोच्या इंजिनाची शक्ती सत्तर अश्वशक्तीच्याही आत, तर हिची १४५. त्या वेळी तिची किंमत दहा लाखांच्या घरात होती. फारशा विकल्या गेल्या नाहीत, आता फियाटने येथे मोटारी बनविणेच थांबवले आहे, आणि त्यामुळे शौकीन लोक ती शोधत असतात. बँकेच्या ज्या कोणा कारकुनाने यादी केली त्यास विंचू म्हणजे नुसती नक्षी वाटली असावी. त्याने 'पुंटो' एवढेच लिहिले आणि साध्या पुंटोची किंमत लावली.

"चांगल्या स्थितीत असेल तर साडेचार लाख कुठे गेले नाहीत," भाचा म्हणाला, "आणि ही दीड लाखात मिळेल. बँकेला काय कळतंय!" अनामत रक्कम भरण्याची मुदत चार दिवसांवर आली होती, आणि त्यास ऐंशी हजार रुपये कमी पडत होते. ते आम्ही द्यावेत, एवढीच त्याची विनंती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तरुणाने वेगवान मोटार घ्यावी की न घ्यावी, हा आमचा प्रश्न नव्हता. आम्ही स्वतः तारुण्यात एका जुन्या राजदूत मोटारसायकलीवर जो पैसा घातला त्याचा हिशेब आजतागायत आमच्या सौभाग्यवतींना दिलेला नाही. आमचा प्रश्न निराळा होता. साडेचार लाखांची वस्तू दीड लाखात मिळते, तेव्हा मधले तीन लाख कोणाचे असतात?

स्वस्त घेणे हे आपणा सर्वांस इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही विचार करण्याजोगे आहे हेच ध्यानात येत नाही. यवतमाळच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीस दहा रुपये सांगितले की आपण सात म्हणतो, मेथी पिवळी पडली आहे असे म्हणतो, पाठ फिरवून दोन पावले चालतोही. आणि घरी आल्यावर तीच मेथी किती कोवळी मिळाली म्हणून कौतुक करतो. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात असाच एक गिऱ्हाईक आहे : सौदा होईपर्यंत मालाला नावे ठेवतो आणि घरी गेल्यावर फुशारकी मारतो. अडीच-तीन हजार वर्षांत बाजार बदलला, हा गिऱ्हाईक मात्र बदलला नाही.

कायद्यास विचारावे तर कायदा या बाबतीत फार उदार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एक उदाहरण दिले आहे, ते आम्हांस एका वकील स्नेह्याने दाखवले. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांस विकण्याचे एकाने कबूल केले. त्याची संमती खुषीची असेल तर करार पक्का. किंमत अपुरी आहे एवढ्याने करार बुडत नाही. मात्र संमती खरोखर खुषीची होती काय असा वाद निघाला, तर किंमतीचे अपुरेपण न्यायालयाने विचारात घ्यावे, एवढी पुस्ती कायद्याने जोडली आहे. प्राचीन रोमचा कायदा याहून थोडा कडक होता. विकणाऱ्यास योग्य किमतीच्या निम्म्याहूनही कमी मिळाले असेल तर त्यास सौदा मोडण्याची मुभा होती. घेणाऱ्याने एक तर वस्तू परत करावी किंवा किंमत पुरी करून द्यावी. त्या मापाने आमच्या भाच्याचा दीड लाखाचा सौदा रोममध्ये टिकला नसता.

परंतु कायदा जे सोडून देतो ते सारे सदसद्विवेकबुद्धीने सोडावे असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात फसवणुकीच्या खरेदी-विक्रीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आपण सहसा विकणाऱ्याच्या लबाडीबद्दल बोलतो : भेसळ, खोटे माप, लपवलेला दोष. संत थॉमस घेणाऱ्यालाही सोडीत नाहीत. विकणारा सोने हे पितळ समजून विकत आहे, आणि घेणाऱ्यास ते सोने असल्याचे ठाऊक आहे; अशा वेळी त्याने गप्प राहून घेतले तर ती खरेदी अन्यायाची, आणि त्याच्यावर भरपाईचे बंधन येते, असे ते म्हणतात. आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तेराव्या शतकात पुंटो नव्हती." आम्ही म्हणालो, "पितळ होते."

संत ऑगस्टीन यांनी सांगितलेली एक गोष्टही याच प्रकरणात येते. एका नटाने जाहीर केले की पुढच्या खेळाच्या वेळी आपण प्रत्येक प्रेक्षकाच्या मनातील इच्छा ओळखून दाखवू. त्या दिवशी नाट्यगृह ओसंडून गेले. नट पुढे आला आणि म्हणाला, तुम्हां सर्वांस स्वस्त घ्यायचे असते आणि महाग विकायचे असते. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परंतु संत ऑगस्टीन येथे थांबत नाहीत. आपल्या माहितीतील एका मनुष्याचे उदाहरण ते देतात. त्याच्याकडे कोणी एक ग्रंथ विकावयास आणला. विकणाऱ्यास ग्रंथाचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने थोडकेच मागितले. या मनुष्याने, विकणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना, त्याच्या हातावर पुरी किंमत ठेवली. छापखाना निघण्यापूर्वी हजार वर्षे, ग्रंथ म्हणजे केवढी किमती वस्तू! तो मनुष्य कोण हे संत ऑगस्टीन सांगत नाहीत. ते स्वतःच असावेत असा आम्हांस उगीचच संशय येतो.

भाच्याचे म्हणणे मात्र आम्ही झटकून टाकू शकलो नाही, कारण तो मूर्ख नाही आणि लबाडही नाही. त्याने तीन मुद्दे मांडले.

पहिला मुद्दा त्याने थेट शुभवर्तमानातून काढला. मत्तयच्या तेराव्या अध्यायातील त्या मनुष्याला शेतात ठेव सापडते. तो ती पुन्हा पुरून ठेवतो, घरी जातो, आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. शेताच्या मालकास तो एक शब्दही सांगत नाही. "मग?" भाचा विजयी मुद्रेने म्हणाला. आम्ही थोडे अडलो, हे कबूल करावयास हवे. आमच्याकडे कोणाच्या वावरात दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली तर ती १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागते, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्राममधील फादरांना विचारले तेव्हा ते हसले. प्रभू येशूने अप्रामाणिक कारभाऱ्याचाही दाखला दिला आहे, ते म्हणाले, आणि रात्री येणाऱ्या चोराचाही. म्हणून कोणी घरफोडी शिकत नाही. दाखल्यात पाहायचा तो त्या मनुष्याचा आनंद : हाती लागले त्यापुढे बाकी सारे त्यास कवडीमोल वाटले. खरेदीखत कसे करावे हे त्या दाखल्यातून शिकायचे नसते.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. "मी दहा वर्षं मोटारींचा अभ्यास केला आहे. रात्र-रात्र जागून वाचलं. ते ज्ञान हे माझं भांडवल नाही का? सराफाला नजरेचे पैसे मिळतात, वैद्याला नाडीचे मिळतात, मग मला माझ्या नजरेचे का मिळू नयेत?" यात सत्य आहे. मेहनतीने मिळवलेल्या ज्ञानाचा मोबदला घेण्यात पाप नाही. संत थॉमस यांनीही येथे एक बारीक भेद केला आहे. दुष्काळी गावात धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्यास ठाऊक आहे, की मागून आणखी गलबते येत आहेत. ही बातमी त्याने गिऱ्हाइकांस सांगितलीच पाहिजे काय? सिसरोनेही या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. संत थॉमस म्हणतात, सांगितले तर अधिक चांगले, पण न्यायाने तसे बंधन दिसत नाही. कारण उद्याचा भाव ही उद्याची गोष्ट आहे. परंतु समोर असलेल्या वस्तूत आज काय आहे, हे ज्ञान निराळे. पुंटोचा भाव पुढील वर्षी चढेल, असा भाच्याचा कयास असता तर तो त्याने खुशाल पोटात ठेवावा. येथे प्रश्न कयासाचा नव्हता. पाटीवर चुकीचे नाव लिहिले होते, आणि ते चुकीचे आहे हे त्यास पक्के माहीत होते. शिवाय सराफ नजरेचे पैसे घेतो ते पारख सांगण्याचे, पारख लपवण्याचे नव्हे.

तिसरा मुद्दा लिलावाचा. लिलाव उघडा आहे, कोणीही यावे आणि बोली लावावी. दहा जण मिळून जो भाव ठरवतील तोच न्याय्य भाव. सोळाव्या शतकातील सालामांकाच्या धर्मपंडितांनीही न्याय्य किंमत म्हणजे बाजारातील लोकांचा सर्वसाधारण अंदाज, असेच म्हटले होते. आपण होऊन विकावयास काढलेल्या मालाचा भाव उतरतो, अशी एक जुनी लॅटिन म्हणही नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सापडते. हे सारे खरे. परंतु लोकांचा अंदाज न्याय्य ठरावयाचा तर लोकांपुढे खरी वस्तू ठेवली पाहिजे. दहा जणांनी पितळ समजून बोली लावली, तर ठरतो तो पितळाचा भाव.

इथपर्यंत चर्चा पुस्तकी होती. आमच्या सौभाग्यवती इतका वेळ नेवऱ्यांचा डबा भरीत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, "ती गाडी होती कुणाची?"

हा प्रश्न आम्हां दोघा पंडितांपैकी एकासही सुचला नव्हता. आम्ही दोघेही आजवर विकणारा म्हणजे बँक असे धरून चाललो होतो. आणि बँक ही मोठी संस्था, तिच्याकडे माणसे आहेत, मूल्यांकन करणारे आहेत, तिने चूक केली तर तिने भोगावी, या म्हणण्यात काही दम आहे. पण हा व्यवहार कसा चालतो ते पाहा. मोटारीवर कर्ज घेतले की नोंदणीच्या पुस्तकात बँकेचे नाव चढते. हप्ते थकले, नोटिसा झाल्या, की बँक मोटार ओढून यार्डात नेऊन उभी करते. लिलावात जी रक्कम येते ती कर्जाच्या खाती जमा होते. ओढून आणण्याचा खर्च, यार्डाचे भाडे, व्याज हे त्याच खात्यावर नावे पडते. येणे फिटून काही उरले तर ते कर्जदाराचे. कमी पडले तर उरलेली रक्कम बँक कर्जदाराकडून मागते, आणि तो देईना तर जामीनदाराकडून.

म्हणजे मोटार दीड लाखात गेली तर मधले तीन लाख बँकेचे जात नाहीत. ते ज्याची मोटार गेली त्याच्याच डोक्यावर बसतात. आणि ज्याच्या खिशातून ते जातात, त्याची संमती तर या सौद्यात कोणी विचारलेलीच नसते. करार कायद्यातल्या घोड्याचा मालक निदान स्वतः हो म्हणाला होता!

सर्वच लिलाव एका मापाने मोजता येत नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या जप्त केलेल्या तेरा मोटारी एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाईन लिलावात काढल्या. त्यांत रोल्स रॉईस घोस्ट होती, पोर्शे पानामेरा होती. वर्तमानपत्रांतून ती यादी पुष्कळांनी चवीने वाचली. त्यांतील एखादी मोटार कोणास स्वस्तात मिळाली असेल, तर देश सोडून गेलेल्या मालकांसाठी कोणाचे अंतःकरण तुटले नसते. तोटा झालाच तर तो सार्वजनिक बँकेचा, म्हणजे हजार वाटांनी आपलाच. परंतु तो इतका पातळ होऊन पसरतो की कोणास जाणवत नाही. दारव्हा तालुक्यातील एका माणसाच्या खात्यावर पडलेले तीन लाख पातळ होत नाहीत.

होय, दारव्हा तालुका. यादीत कर्जदाराचे नाव आणि गाव छापलेले होते. ते आम्ही दोघांनीही वाचले नव्हते. विंचू दिसला, नाव दिसले नाही.

पडेल भावाचा अन्याय आमच्या जिल्ह्यास कोणी पुस्तकातून शिकवावा अशी स्थितीच नाही. आमचा हा सारा मुलूख कापसाचा. वऱ्हाडात कारंज्यास १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्या वेळी आमच्या जिल्ह्याचे नाव अजून वणी जिल्हा असे होते. कायदा कशासाठी करावा लागला? शेतकरी बैलगाडी भरून बाजारात येतो. व्यापारी उपरण्याखाली बोटे धरून आपसांत भाव ठरवतात. तो भाव काय ते गाडीवाल्यास दिसतही नाही. पटला नाही तर गाडी परत न्यायची, म्हणजे वीस मैल, आणि बैलांना चारा नाही. त्यास भाव ठाऊक नव्हता असे नव्हे. परत जाण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून उघडा लिलाव आला, उघडे माप आले. पुढे १९७२ साली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, आणि कालांतराने तीही गेली. किमान आधारभूत किंमत आहे. परंतु हंगामात ज्यास पैशाची आजच निकड आहे, तो खाजगी व्यापाऱ्यास त्याहून खाली देतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी त्या व्यापाऱ्यास आपण काय म्हणतो ते येथे लिहिण्यासारखे नाही. मग तेच आपण मोबाईलवर बसून केले, तर त्यास चतुराई का म्हणावे?

त्या यादीतील ट्रॅक्टरविषयी आम्हांस जे वाटले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की कोणाचे जाते गहाण घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. आमच्या देशातील १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही हाच धागा आहे : न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची चरितार्थास लागणारी औजारे, बैल, बियाणे जप्त करता येत नाहीत. परंतु ट्रॅक्टर त्याच ट्रॅक्टरच्या कर्जास तारण दिलेला असतो, म्हणून तो या संरक्षणाच्या बाहेर राहतो. बँकेने कर्ज द्यावे आणि वसूल करू नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले तर उद्या कोणा शेतकऱ्यास कर्जच मिळणार नाही. पण मोटार हा शौक आहे आणि ट्रॅक्टर हे जाते आहे, एवढा भेद बोली लावणाऱ्याने तरी मनात ठेवावा.

तर आम्ही काय केले? प्रथम भाच्याने बँकेस पत्र लिहिले, की तेवीस क्रमांकाच्या वाहनाचे वर्णन अपुरे आहे, ही साधी पुंटो नसून अबार्थ आहे, यादी दुरुस्त करावी. हे पत्र लिहिताना त्याचा चेहरा दाताच्या दवाखान्यात बसलेल्या मुलासारखा झाला होता. दोन ओळींचे उत्तर आले : वाहने जशी आहेत, जिथे आहेत, या तत्त्वावर विकली जातील. यादी तशीच राहिली. भाचा म्हणाला, "आता तरी झालं ना? मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही." आम्हांस वाटले की झाले. फादर म्हणाले, बँकेपुरते झाले.

पाहणीच्या दिवशी आम्ही दोघे यार्डात गेलो. धुळीने माखलेल्या वाहनांच्या रांगेत ती मोटार उभी होती, पुढच्या एका चाकातली हवा गेलेली. चौकीदार म्हणाला, हिचा मालक आदल्याच दिवशी येऊन गेला. दुसरी किल्ली आणि दुरुस्तीच्या नोंदींचे पुस्तक त्याच्यापाशी आहे, घेणाऱ्यास हवे असेल तर फोन करा म्हणून नंबर ठेवून गेला आहे. भाच्याने नंबर घेतला आणि खिशात ठेवला. तो फोन करणार नाही असे आम्हांस वाटले. रस्त्यावर येऊन उसाचा रस घेतला, आणि तेथे उभ्यानेच त्याने फोन लावला.

आमची अपेक्षा अशी की तो गृहस्थ रडेल, रागावेल, किंवा दया मागेल. तो म्हणाला, "भाऊ, घ्याची असंन तं घ्या, पण एक सांगतो. तिच्या टर्बोतून तेल जाते. पाऊण लाखाचं काम हाय. फोटोत दिसत नाई ते, अन् बँकेलेबी मालूम नाई. मागून मले शिव्या नोका देऊ."

भाचा बराच वेळ बोललाच नाही. आपण सोन्याचे ज्ञान लपवायला निघालो होतो, आणि ज्याचे लुटले जाणार होते त्याने न विचारता पितळाचे ज्ञान दिले. दोष सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर असते, असे संत थॉमस म्हणतात. हा मनुष्य तर आता विकणाराही राहिला नव्हता. भाव उतरला तर नुकसान त्याचेच होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही ऐंशी हजार दिले. लिलावात आणखी तिघे होते. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अर्धा तास सारे घर त्या काचेकडे डोळे लावून होते. मोटार १ लाख ९५ हजारांस भाच्याच्या नावावर सुटली.

त्यानंतर आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दुरुस्ती वजा जाता मोटारीची किंमत पावणेचार लाख धरली. टायर, नोंदणीचा खर्च आणि न पाहता घेतल्याची जोखीम यांचे पन्नास हजार काढले. शिल्लक राहिली १ लाख ३० हजार. त्यातून भाच्याने आपल्या दहा वर्षांच्या अभ्यासाची मजुरी मागितली. आम्ही दहा हजार म्हणालो, तो साठ म्हणाला. संत ऑगस्टीन यांच्या मित्राने किती मजुरी कापून घेतली होती, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा तो ओशाळला, आणि चाळिसावर आला. उरलेले नव्वद हजार त्याने त्या गृहस्थाच्या कर्जखात्यात भरावयाचे ठरवले. एकदम जमले नाहीत; तीन हप्त्यांत भरले. आमचे ऐंशी हजार अजून येणे आहे, हे वाचकांच्या माहितीसाठी येथे नमूद करून ठेवतो. भाचा हे त्रैमासिक वाचतो.

नव्वद हा आकडा न्यायाचा होता काय? आम्हांस खात्री नाही. चाळीस हजारांची मजुरी कोणी ठरवली? ती आम्हीच ठरवली, आमच्याच स्वयंपाकघरात, तो मनुष्य समोर नसताना. उपरण्याखालची बोटे ती याहून काय निराळी असतात? फादरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी काहीच उत्तर दिले नाही, आणि त्यांचे उत्तर न देणे आम्हांस बरेच दिवस पुरले. आणि घाटंजीच्या त्या ट्रॅक्टरचे काय? तो किती रुपयांस गेला हे त्या रात्री बोट एकदा खाली सरकवले असते तर दिसले असते. आम्ही ते पाहिले नाही. पाहावयाचे सुचले नाही असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी तो गृहस्थ दुसरी किल्ली आणि नोंदींचे पुस्तक घेऊन आमच्या दाराशी आला. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले होते. प्रत्येक तेलबदलाची तारीख त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. वय तिशीच्या आतबाहेर. पैशांचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही. चहा झाला. टर्बोचे काम कोठे केले, किती लागले, हे त्याने भाच्यास बारकाईने विचारले. पंचाऐंशी हजार लागले हे ऐकून मान हलवली. मग अंगणात आला, मोटारीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाला, "एक डाव चालू करून दाखवता काय?"

भाच्याने खिशातली किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. आपण आणलेल्याच किल्लीने दार उघडले.